वेल्डिंग सुटलं नव्हतं

हॅलो? … हां आई, बोल. … गॅरेजमध्येच आहे, दादाच्या ट्रकपाशी. … ग्राइंडरचा आवाज होता, बंद केला. बोल आता.

… जेवले. … अगं, जेवले म्हटलं ना. तू काही जेवणाचं विचारायला फोन केलेला नाहीस. तुझा आवाज ओळखते मी.

… हो, उघडला टर्बो, इंजिनात हवा कोंबतो तो. पार वाट लागली आहे. आतल्या पंख्याची पाती उंदराने कुरतडावीत तशी झालीयेत. खडी गेली आत. … खडी गं, रस्त्यावरची. ट्रक खाणीवर जातो, तिथे दुसरं काय असणार?

… कशी गेली म्हणजे? फिल्टर निखळून पडला, म्हणून गेली. … मी बसवला होता तसा राहिला असता तर नसता पडला. ऐक ना. इंजिनासाठी हवा ओढणारा तो जाड पाइप मी केला, बरोबर? त्याच्या तोंडाशी फिल्टर. फिल्टरभोवती मी पत्र्याची पेटी केली होती, बोल्टने आवळून. फिल्टर हलू नये आणि इंजिनाची गरम हवा आत जाऊ नये म्हणून. ती पेटी दादाने काढून टाकली.

… का म्हणजे? शिट्टी ऐकू येत नव्हती त्याला. … टर्बोची शिट्टी गं. पेटीत आवाज दबतो. आणि साहेब पंपावर डिझेल भरायला वळले की चार जणांनी माना वळवून बघायला पाहिजे ना. म्हणून पेटी काढली आणि फिल्टर तारेने बांधला. तारेने, आई. कपडे वाळत घालायच्या.

… विचारलं की त्याला. कानांवर हात ठेवतो.

… काय? … परत बोल. … माझं वेल्डिंग सुटलं, असं कोण म्हणालं? … दादा? … मग कोण?

… तू?

… थांब, थांब. माझं वेल्डिंग सुटलं, पाइप फुटला आणि म्हणून टर्बो गेला, असं तू बाबांना सांगितलंस? … तुला वेल्डिंगमधलं काय कळतं गं? … नाही, ओरडत नाहीये.

… माहितीये मला. पुन्हा ट्रकशी खेळ केलास तर किल्ली काढून घेईन, असं बाबा म्हणाले होते. त्याला म्हणाले होते, मला नाही. … आणि त्याची किल्ली वाचावी म्हणून तू माझं नाव पुढे केलंस. … हो, हो. मी समजूतदार. लहानपणापासून ऐकतेय. आपल्या घरात समजूतदार म्हणजे ज्याच्या डोक्यावर कुणीही खापर फोडावं असा माणूस.

… कधी सांगितलंस? … काल रात्रीच?

… नाही, सकाळी बाबा आले होते ना इथे. पाइप टेबलावर पडला होता. उचलला, उजेडात धरला, प्रत्येक जोडावरून अंगठा फिरवला. काही न बोलता ठेवून गेले. मला वाटलं, मनातल्या मनात शाबासकी देतायत. वेडीच मी. … अगं, पाइप अख्खा आहे. एक चीर नाही. वेल्डिंग मला त्यांनीच शिकवलं, सुटलंय की नाही हे त्यांना डोळे मिटूनही कळेल.

… मग विषय संपला कसा म्हणतेस? … दुपारी कुणाला फोन केला त्यांनी? … डंपरवाल्या काकांना?

… काका आता पाइप नको म्हणाले?

… आई, ते माझं काम होतं. काकांनी दादाच्या ट्रकचा पाइप पाहिला आणि सरळ माझ्याकडे आले. म्हणाले, पोरी, माझ्या डंपरलाही करून देशील का असा? बाबांना नाही विचारलं, मला विचारलं. पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं गं. मापं घेऊन झाली होती माझी. … काय सांगितलं बाबांनी त्यांना? … गोलगोल नको, जसंच्या तसं सांग.

… पोरीचं काम टिकत नाही.

… नाही, आहे मी. ऐकतेय. … म्हणजे रात्री तू सांगितलंस. सकाळी त्यांनी पाइप हातात घेऊन बघितला. आणि दुपारी हे बोलले. … अगं, म्हणजे पाहून बोलले ते. तू निदान न पाहता बोललीस.

… फोन दे त्यांना. … झोपलेले नाहीयेत, टीव्ही ऐकू येतोय मला. दे.

… बाबा. … हो, जेवले. … नवा टर्बो कधी बसतो ते नंतर बघू. मला एकच सांगा, माझं वेल्डिंग सुटलंय का? … खरं कळलं तर दादाला खाणीवर कोण काम देईल, ते नाही विचारत मी. वेल्डिंगचं विचारतेय. … तुम्ही पाहिलंत ना सकाळी? … मग हो की नाही, तेवढंच सांगा. … बाबा?

… आई? तुझ्याकडे का दिला? … औषध घ्यायला उठले. बरं. … नाही गं, पुन्हा नको देऊस. मिळालं उत्तर.

… नाही, घरी नाही येत इतक्यात. डंपरवाल्या काकांकडे चाललेय, हा पाइप घेऊन. … काय सांगणार म्हणजे? काय झालं ते. पेटी, तार, सगळं. … हो, गावभर होईल. … हो, बाबा खोटे पडतील. मीही आज दिवसभर खोटी पडलेच होते की, तुमच्यापैकी कुणाच्या घशात घास अडकला नाही.

… आई, रडू नकोस. … कुणासाठी रडतेयस पण? … दादासाठी.

… माझ्यासाठी रडली असतीस ना, तर थांबले असते. ठेवते.