काठीला तेल कुणी लावलं?

मंडळी, हात वर करा! मुठी आवळा. आवळल्या? आता सांगा — मूठ सुटली की माणूस आधी कुणाकडं बघतो? मुठीकडं, की शेजाऱ्याकडं?

ऐका! शेंडूरवाडीत भैरोबाची जत्रा. देवाची सासनकाठी, म्हणजे उंचच उंच निशाण, रंगराव मगदुमानं नाचवायची. उघड्या हातानं! काठी भुईला टेकली की घराचा मान गेला. मग मान कुणाला? महिपती खोताला. तोही रंगरावाच्याच तालमीतला.

रंगराव काय साधा गडी होता? अर्धं आयुष्य वजनं उचलण्यात गेलेलं. पण जत्रेच्या तोंडावर सरावात काठी हातातून सरकली!

रंगरावाच्या मनात पहिला विचार — तेल! महिपतीनं तेल लावलं!

काठी हुंगली. वास नाही. मग काय करावं या शहाण्यानं? तालमीत एकेकाचा तळवा हुंगत सुटला!

"हात दाव, मही."

"दावतो की. जेवून आलोय, रस्सा हुंग!"

हसताय? तुम्ही कुणाकुणाचे तळवे हुंगता, ते विचारू का?

महिपती म्हणाला, "दादा, वाळूची घागर काठाला धरून तालमीला फेरा मार. बोटं कळतील."

'हा घागरीच्या काठालाच तेल लावणार,' रंगरावानं ताडलं. म्हणून घागर स्वतः आणली, वाळू स्वतः भरली, काठ स्वतःच्या धोतरानं पुसला. कुणाला शिवू दिलं नाही.

उचलली. अर्धा फेरा — आणि धप्प! खापऱ्या!

आता? तेल कुणी लावलं? सगळं स्वतःच केलेलं! संशय घ्यायला माणूसच उरला नाही, मंडळी!

महिपती हळूच म्हणाला, "दादा, मनगटाचा पट्टा सोड."

काय होतं, जड सळई उचलताना रंगराव पट्टा सळईला गुंडाळायचा. वजन धरायचा पट्टा, नाव व्हायचं रंगरावाचं! पाठ वाघाची झाली, बोटं झोपून राहिली.

पट्टा सुटला. मग रोज दोराला लोंबकळणं, ओलं कांबळं पिळणं, लोखंडी चकती चिमटीत धरून उभं राहणं. शिकवायला महिपती! तरी रंगरावाचा एक डोळा त्याच्यावरच. 'हा का शिकवतोय?'

जत्रा आली. "भैरोबाच्या नावानं चांगभलं!" काठी उठली, नाचली, देवळाची पायरी दिसली. आणि करंगळी उघडली! मग तिच्या शेजारचं बोट!

डाव्या हाताला महिपती. आज काठी पडली तर उद्या मान त्याचाच. हाक मारावी? की...

"मही — धर!"

क्षणभर महिपती पुढं आला नाही. मग दुसरे दोन हात काठीवर पडले. काठी पायरीला पोचली. भुईला टेकली नाही!

नंतर रंगरावानं विचारलं, "थांबलास का रं?"

"तळवे धोतराला पुसत होतो, दादा. म्हटलं, पुन्हा हुंगशील!"

हसा, हसा! पण मंडळी, आपल्या मनगटाला कुठला पट्टा आहे, ते घरी जाऊन बघा. आणि ज्याचा तळवा काल हुंगलात, त्याच्या दारावरून जाताना मान खाली घालू नका — हाक मारा!