उजव्या बाहीचं माप

—थांबा बँडवाले, कोट अंगातच राहू द्या. काढून हातात दिलात तर बाही मला काय सांगणार? उजवा हात वर करा. आणखी. नाही जात ना? नाहीच जाणार, काखेत बोटभर कापड कमी आहे—आता मला न बघता कसं कळलं म्हणून काय विचारता, शिंपी मी की तुम्ही? उभे राहा गुपचूप. तोंडात टाचण्या आहेत माझ्या, हसवलंत तर गिळीन.

कुठे होतो आपण—हां, आमच्या हिचं दुखणं. तुम्हाला वाटतं, हाताला कंप सुटला म्हणजे पार्किन्सन. अहो, कंप तर फार मागून आला. आधी वास गेला. इस्त्रीखाली लोकरी पँट जळाली आणि ही शेजारी बसून काजं करत होती, पत्ता नाही. मग झोपेत लाथा मारायला लागली—म्हटलं बरं झालं, एकदाचं मनातलं बाहेर आलं. मग आवाज बसला, पाऊल आखडलं, आणि चेहरा तर असा झाला, जणू कुणी खळ लावून इस्त्री मारली. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. मी सातवी नापास, पण मशीन म्हटलं की डोकं चालतं. मेंदूत खोल एक काळसर ठिपका असतो, त्यातून रस निघतो, तो आटत जातो. म्हटलं, कळलं बाई, एका रिळावर चार सुया—एक हातापायांची, एक मनाला उठवून कामाला लावणारी, आणि अशाच आणखी. रीळ संपत आलं की सगळीकडची शिवण सुटते. बाई म्हणाल्या, इतकं सोपं नाही आजोबा, सगळंच त्या एका रिळावर नसतं. पण बाहेर रांग आहे, तेव्हा सध्या असंच धरा.

बाकीच्या सुया मी सोसल्या असत्या हो. पण मनाची? बेचाळीस वर्षं ही माझ्या खोड्यांना हसली. गिऱ्हाइकाचे खिसे शिवून बंद केले, हसली. आमच्या लग्नात माझ्याच भावाची टोपी सदऱ्याला टाचली, तेव्हा नवरी असून हसली. आणि गेल्या आठवड्यात मी बटणांच्या डब्यात माझी कवळी ठेवली—हिने काढली, बाजूला ठेवली, खालचं बटण घेतलं. संपलं. बाई म्हणतात, हौसच उरत नाही, ते दुखणंच आहे, तुमचा काही दोष नाही. बरं, नाही हौस तर नाही. पण मग ती सगळ्यांसाठीच नको ना?

हात खाली करू नका. तुमच्यासाठी बरी हौस येते हिला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटतात, मी ‘चल गं’ म्हणतो, हात धरतो, ओढतो—खांब. आणि चार वाजले, समोर तुम्ही कोट घालून, बटणं लावून—घरातल्या सरावाला कोट कशाला लागतो हो माणसाला?—ड्रमवर एक-दोन, एक-दोन सुरू केलंत की ही निघाली तरातरा खिडकीकडे. बाई म्हणतात, आपोआप चालायची वाट बंद पडली तरी ताल कानातून आडवाटेने पायात उतरतो. उतरू दे की. पण ती आडवाट तुमच्याच घरावरून कशाला जावी?

म्हणून कोट दुरुस्तीला आला तेव्हा काखेतून बोटभर कापलं. हो, मीच. चूक कसली, खडूने आखून कापलं. म्हटलं, बसा आता ड्रमकडे बघत.

आणि काल तुमचा हात उठला नाही—कोट काढून वाजवाल तर बँडवाले कसले—आणि ही उंबऱ्यात उभी. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मी ताट घेतलं, लाटण्याने बडवलं—पण मला कुठला ताल, बँडवाले, वरातीत मी उलट्या पायाने चालणारा माणूस. ही घामाघूम, पडायला लागली म्हणून मी कमरेला मिठी मारून धरली. तेव्हा कानाशी म्हणाली, इतकं हळू की ऐकायला श्वास थांबवावा लागला—“बाहीचा उद्योग तुमचाच ना?” मी चेहरा बघितला. काही नाही, कडक इस्त्री. पण माझा हात तिच्या पोटावर होता, आणि पोट हलत होतं. कंप नव्हता तो. बेचाळीस वर्षं त्या पोटाची मापं घेतलीत मी, कंप कुठला आणि हसू कुठलं हे मला कळतं.

झालं. उसवली. वर करा हात—गेला? कापलेला तुकडा जोडून टाके रात्री घालून देतो, आता तसाच न्या. चारला पाच कमी आहेत, ती उंबऱ्याशी येईल. वाजवा नीट. पण खिडकीकडे बघून वाजवायचं नाही, भिंतीकडे तोंड करा.

निघा. आता कशाला बघताय माझ्याकडे—टाचणी टोचली डोळ्यात. निघा.