धुण्याच्या दगडाची खालची बाजू

(मरोळ, १९८४. चाळीमागची मोरी. नळ गेलेला आहे.)

दशरथ : बाई, पहार लावायच्या आधी एक सांगून ठेवतो. दगड उलटा करून देतो, पण सोमवारपासून शकु माझ्या कंपनीत पॅकिंगला जाणार. अर्ज खिशात आहे, हिची सही तेवढी राहिलीय.

शकु : बाबा, मॅडमसमोर कशाला?

दशरथ : समोरच बरं. संपाला दोन वर्षं झाली गो. बावीस वर्षं मिलमध्ये कापड विणायचे साचे चालवले नि आता कंपनीच्या गेटावर सलाम ठोकतोय. वॉचमनच्या एका पगारात भागत नाय. हिच्या बी.ए.ला इतिहास, तो कोण विचारतो?

वसुधा मॅडम : निर्णय तुमचा आहे, दशरथराव. मी कॉलेजात शिकवते, लोकांची घरं चालवत नाही. पण आज ती माझी विद्यार्थिनी आहे, आणि हा दगड तिने शोधलाय.

दशरथ : शोधला? हिची दुपटी धुतलीयत ह्याच्यावर.

वसुधा मॅडम : मी वर्गात सांगितलं होतं, पुस्तकं मिटा आणि घरी जाऊन जुन्या दगडांची चौकशी करा. बाकीच्यांनी लेण्यांची पोस्टकार्डं आणून दिली. हिने आईच्या लुगड्याची गोष्ट आणली.

दशरथ : ती गोष्ट कॉलेजात सांगितलीस?

शकु : सांगितली. लग्नानंतर पहिल्याच धुण्याला आईचं नवं लुगडं दगडावरच्या रेघांत अडकून टरकन फाटलं, म्हणून तुम्ही दगड पालथा घातलात.

दशरथ : मग काय करणार? कारखान्यांसाठी शेतं खणत होते, तिथून आम्ही चौघांनी उचलून आणलेला. जानकी रडायला लागली. मला वाटलं, दगडाला टाकी लावणाऱ्याने काम अर्धवट सोडलंय. सरका आता बाजूला. पाय सांभाळ गो. हं… आला.

शकु : बापरे, केवढा चिखल.

वसुधा मॅडम : तो तारेचा ब्रश ठेव खाली. पाणी आणि बोटं, बस.

शकु : मॅडम, वर हे गोल काय आहे? आणि बाजूला कोर.

वसुधा मॅडम : सूर्य आणि चंद्र. हा कुणीतरी दिलेल्या दानाचा शिलालेख आहे. ते दोघे आहेत तोवर हे दान चालू राहील, असा अर्थ. अकरा वर्षं मी असले दगड बघत हिंडतेय. कुठे शेंदराची पुटं, कुठे पावसाने झिजलेले. इतकी ताजी ओळ मी आजवर पाहिली नव्हती. दशरथराव, तुम्ही पालथा घातलात म्हणून हा वाचला.

दशरथ : मी लुगडं वाचवत होतो, बाई.

वसुधा मॅडम : शकु, ठसा घेऊया, कागद भिजव. दगडावर बसव आणि साध्या ब्रशने हळूहळू ठोक. मग शाईचा बोळा फिरव. दोनच कागद आहेत.

शकु : एक फाटला.

वसुधा मॅडम : पहिला सगळ्यांचाच फाटतो.

शकु : बाबा, इकडे या ना. शाई लागते तिथे काळं होतंय नि अक्षरं पांढरी राहतायत. बघा, कशी वर येतायत.

दशरथ : किती जुनं म्हणायचं हे?

वसुधा मॅडम : आठशे वर्षं. थोडं इकडेतिकडे.

दशरथ : आठशे. नि आमची जानकी ह्याच्यावर चादरी आपटतेय. राजाचं असणार.

वसुधा मॅडम : राजाचं नाव वर असतं. शकु, शेवटची ओळ बघ. शनिवारी फळ्यावर काढलेली अक्षरं आठव.

शकु : हा ‘ना’. मग ‘ग’. पुढे ‘दे’… ‘व’. नागदेव? मॅडम, मी वाचलं? खरंच वाचलं मी?

वसुधा मॅडम : वाचलंस. त्याच्या पुढे आहे, ‘कोरलं’. हा नागदेव म्हणजे दगड कोरणारा माणूस.

दशरथ : कामगार?

वसुधा मॅडम : हो. कधीकधी शेवटी आपलं नाव घालायचे.

दशरथ : आठशे वर्षं राहिलं की हो. मी बावीस वर्षांत किती मैल कापड काढलं असेल, देव जाणे. एका ताग्यावर माझं नाव नाय. मिलचा छाप तेवढा.

वसुधा मॅडम : शकु, ठसा वाळताना फाटला तर आज दुसरा कागद नाही. आत्ताच ओळ बघून उतरवून घे. खाली लिही, शोध : शकुंतला दशरथ साळवी, द्वितीय वर्ष कला. विभागाच्या नोंदीत तसंच जाईल.

शकु : वही चिखलात पडली, मॅडम. पार भिजली.

वसुधा मॅडम : माझ्या पर्समध्ये चिटोरंसुद्धा नाही.

दशरथ : त्या नोंदीत माझं नाव पण राहणार?

शकु : राहणार ना. दगड तुम्ही आणलात, तेही लिहिते. काय लिहू, वॉचमन?

दशरथ : साचेवाला लिही. हा घे कागद.

शकु : बाबा, हा कंपनीचा अर्ज आहे.

दशरथ : मागनं कोरा आहे ना?

शकु : मग सोमवारी?

दशरथ : सोमवारी तुझं कॉलेज नाय? लिही तू, मी तुझ्या आईला घेऊन येतो. तिचं लुगडं कुणी फाडलं, ते कळू दे तिला.