न्दाइपोरी आडनावाचा शिपाई

फेर्मीन : तसं नाही मावशी, पाथरवट उद्याच दगड कोरायला घेतोय. रविवारी मंत्री येणार. तुम्ही फक्त इथं अंगठा द्या.

सातुर्निना : आधी वाच, काय लिहिलंयस ते.

फेर्मीन : 'सेकुंदिनो इराला. चाकोच्या युद्धातला वीर, शौर्यपदकाचा मानकरी, या गावचा सुपुत्र.' नव्या शाळेच्या दारातच बसवणार.

सातुर्निना : इराला कोण?

फेर्मीन : आता मी काय सांगू. डॉन एवारिस्तो इराला स्वतः कचेरीत आले आणि चार माणसांसमोर म्हणाले, पोरगा माझा होता. शाळेची जमीनही तेच देतायत.

सातुर्निना : सव्वीस वर्षं लागली त्याला आठवायला. मी त्याच्या स्वयंपाकघरात कामाला होते. पोट दिसायला लागलं तसं त्याच्या बायकोनं माझं गाठोडं अंगणात फेकलं. हा ओसरीवर दाढी करून घेत होता. मानसुद्धा वळवली नाही. कशी वळवणार, गळ्यावर वस्तरा होता.

क्रिसांतो : न्हाव्याचा हात चुकायला हवा होता.

फेर्मीन : क्रिसांतो, तुला साक्षीला बोलावलंय. पलटणीत त्याच्याबरोबर होतास, एवढं लिहून दे आणि गप्प बस.

सातुर्निना : त्याला बोलू दे. लढाईवरून आल्यापासून पहिल्यांदा या दारात आलाय. एरवी माझं घर दिसलं की वाट बदलतो. घे रे, तेरेरेचं शिंग घे. पाल्यावर ओतलेलं पाणी गार आहे.

क्रिसांतो : नको काकू, आधी फेर्मीनला.

सातुर्निना : तो 'आभार' म्हणून बसलाय. आभार मानले की तेरेरे पुरे झालं. एका शिंगात पोट भरतं सरकारी माणसाचं.

फेर्मीन : मावशी, जुनं उकरून काय मिळणार? मेलेल्या पोराला बाप मिळतोय.

सातुर्निना : सहा वर्षांचा होता, तेव्हा त्याच बापाच्या बागेतली दोन संत्री उचलली यानं. इरालानं चाबूक ओढला आणि म्हणाला, चोराची अवलाद. तेव्हा खरं बोलला होता म्हणायचा. ते लिहिशील?

फेर्मीन : कुटुंबाच्या माहितीत तसलं काही लिहीत नाहीत.

सातुर्निना : मग माझं आडनाव लाव. वेरा. चर्चच्या वहीत तसंच आहे.

फेर्मीन : चर्चच्या वहीत आहे, लष्कराच्या नाही. पदकाच्या कागदावर काय आहे ठाऊक आहे?

सातुर्निना : मला वाचता येतं का?

फेर्मीन : 'सेकुंदिनो न्दाइपोरी.' राजधानीत कुणी वाचलंही नसेल, शिक्का मारून मोकळे. पण न्दाइपोरी म्हणजे काय ते इथलं शेंबडं पोर सांगेल. 'नाही.' 'कुणीच नाही.' शाळेच्या दारात 'सेकुंदिनो कुणीनाही' असं कोरू?

सातुर्निना : हे कुणी लिहिलं?

क्रिसांतो : कप्तानानं. समुद्रापलीकडून आलेला होता. स्पॅनिश मोडकीतोडकी, आपल्या ग्वारानीचं तर एक अक्षर येत नव्हतं. भरतीच्या दिवशी मांडीवर वही घेऊन बसला. सेकुंदिनोला विचारलं, बापाचं आडनाव? हा म्हणाला, न्दाइपोरी. नाहीच. कप्तानानं लिहून घेतलं आणि म्हणाला, पुढचा.

सातुर्निना : पोरगा खरं तेच बोलला.

फेर्मीन : बोलला, आणि निस्तरायला मी. दुरुस्ती होते, पण घरच्यांचा अंगठा लागतो. इराला लावलं तर जमीन मिळते. वेरा लावलं तर डॉन एवारिस्तो हात आखडते घेणार, तसं त्यांनी बोलून दाखवलंय. मग पोरं आंब्याखाली बसतात तशीच बसतील.

सातुर्निना : मागच्या थंडीत तिथं बसून बसून शेजारच्या तोमासाची धाकटी खोकत होती.

फेर्मीन : तेच म्हणतोय मी.

सातुर्निना : आण ती शाई. नावानं काय होतंय. माझा पोरगा माझाच राहील.

क्रिसांतो : काकू, थांबा. अंगठा देऊ नका.

फेर्मीन : आता तुला काय झालं?

क्रिसांतो : चौथा दिवस होता. पाणी नव्हतं. पाण्याचा ट्रक अर्ध्या कोसावर वाळूत रुतलेला, मधे उघडं रान, समोर बोलिव्हियावाल्यांची मशीनगन. कप्तानानं विचारलं, डबे घेऊन कोण जातं? कुणी मान वर केली नाही. तो ओरडला, कोण आहे? मी मागून म्हणालो, न्दाइपोरी. कुणी नाही म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं माझ्या.

सातुर्निना : मग?

क्रिसांतो : त्यानं वही उघडली, बोट फिरवलं, म्हणाला, न्दाइपोरी, पुढं ये.

फेर्मीन : कागदावर 'स्वतःहून पुढे झाला' असं आहे.

क्रिसांतो : कागद कप्तानाचा. सेकुंदिनोला कळलं होतं काय घोळ झालाय तो. सांगितलं असतं तर सुटला असता. मग मला जावं लागलं असतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, हसला आणि डबे उचलले. दोनदा भरून आणले. पहिल्या डब्यातलं मीच प्यालो. तिसऱ्या खेपेला आला नाही.

फेर्मीन : हे मी लिहून घेणार नाही.

(सातुर्निना अंगठ्याची शाई झग्याला पुसते.)

सातुर्निना : नाव पुकारलं तेव्हा उठला तो?

क्रिसांतो : उठला.

सातुर्निना : त्याच नावाला?

क्रिसांतो : त्याच नावाला, काकू.

सातुर्निना : फेर्मीन, तेच कोर.

फेर्मीन : मावशी, लोक हसतील.

सातुर्निना : पाणी प्यायलेले हसणार नाहीत. तिथं कुणी इराला उठला नव्हता. वेराही नाही. वेरा मी, आणि मी त्या वेळी इथं चिपाच्या पावांचं पीठ मळत होते. जो उठला त्याचं नाव कोर.

फेर्मीन : आणि जमीन?

सातुर्निना : रविवारी मंत्र्यासमोर परत माग म्हणावं. का मागतो ते आपणही ऐकू. आणि अंगठा नाही दिला तर दुरुस्ती होत नाही ना?

फेर्मीन : नाही होत.

सातुर्निना : मग जा. पाथरवटाला स्पेलिंग नीट सांग. तू सगळीकडं चुका करतोस, लहानपणापासून.

फेर्मीन : येतो मावशी. डॉन एवारिस्तोंना काय सांगू?

सातुर्निना : विचारलं तर सांग, बाप न्दाइपोरी.

क्रिसांतो : मीही निघतो, काकू.

सातुर्निना : बस. तुझं शिंग अर्धं आहे. सुरईत मात्र थेंब राहिला नाही. विहिरीवर जायला कोण आहे?

(क्रिसांतो शिंग खाली ठेवतो.)

सातुर्निना : कोण आहे रे?

क्रिसांतो : मी आहे, काकू.