रविवारची डोकेदुखी

दवाखान्यात शिंपीणकाकू नंबराची वाट बघत होत्या, पण कान शेजारच्या नवरा-बायकोकडे.

"दर रविवारी दुपारी डोकं ठणकतं, आणि रविवारीच तुझी आई येते! तिचं येणं बंद करा, असं डॉक्टरांकडून लिहूनच घेतो."

"आई येते संध्याकाळी!"

"मग धास्तीनं ठणकतं."

"धास्ती कसली? रोज उजाडताच दोन कप चहा ढोसता. रविवारी दुपारपर्यंत लोळता. ना चहा, ना घोटभर पाणी. डोकं बोंबलणार नाही तर काय?"

"म्हणजे सासूबाई निर्दोष?"

"साफ! थांबा, फोनच लावते. हॅलो, आई? रविवारी सकाळीच ये गं, यांना उठवून चहा पाजायचाय. हो, दर रविवारी!"

"अगं..."

तेवढ्यात काकूंचा नंबर पुकारला.

"आधी यांना आत सोडा," काकू नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, "यांचं डोकं आत्ता खरं ठणकायला लागलंय."