यंदाचा घट

कुंडलिक : ऱ्हाऊ दे म्हनलं की यंदा. घट बसवू नगंस.

बजाबाई : आदी कूस वळवा. घरातलं समदं अंथरून-पांघरून धुऊन वाळलं, तुमची चादरच निघंना. उद्या नवरात्र बसतंय.

कुंडलिक : मी काय म्हनतोय, ऐकू येतंय का?

बजाबाई : येतंय की. सकाळधरनं तेच चाललंय तुमचं. हात धरा माझा. हां... आई गं, कंबर गेली.

कुंडलिक : जाईल न्हायतर काय. मला उचलायचं, आन वर नऊ दिस उपास. कुनी सांगितलंय?

बजाबाई : सांगाय कशाला पायजे? पाऊस सरला, ऊन पिवळं पडाय लागलं की हात आपसूक मातीकडं जातोय.

(सून पायल दारात येते.)

पायल : आत्या, गावाकडनं, करकंबहून माती आली. महेश्वर काकांनी आपल्याच रानातली पिशवीभर पाठवलीय. कुठं ठेवू?

बजाबाई : देवापशी ठेव. आन नळाला पानी हाय तवर एवढी चादर पिळून टाक गं बाई.

पायल : द्या इकडं. मामा, आज चेहरा बरा दिसतोय हं तुमचा.

कुंडलिक : जा पोरी, तुला खोटं बोलाय अजून जमत न्हाय.

बजाबाई : तिला कशाला बोलताय? बिचारी ड्यूटीवरनं आलीय.

कुंडलिक : गेली का ती? मग ऐक. डाक्टरनं तुला भाईर नेऊन काय सांगितलं, ते कळलंय मला. पाचव्या माळेला माझं डोळं मिटलं तर? घरात सुतक. पेरलेला घट अर्ध्यातच उचलायचा. जल्मभर तू मोडू दिला न्हाईस, तो माझ्यापायी मोडायचा व्हय?

बजाबाई : काय बोलू? लई दमले ओ मी. रातीला झोप न्हाय, दिसा बूड टेकाय मिळंना. पर घट न्हाय बसवला, तर तुमच्या जायाची वाट बघत बसल्यावानी हुईल. तेवढं मला जमायचं न्हाय.

कुंडलिक : म्हंजी बसवनारच तू.

बजाबाई : बसवनार. आन तुमी दसऱ्यापातूर कुटंबी जायाचं न्हाय.

कुंडलिक : आन दसरा झाल्यावर?

बजाबाई : लगीच कोजागिरीचं दूध आटवायचंय. मग दिवाळी आली. मला कुटं सवड हाय?