समोरच्या भिंतीवरची छत्री

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. नणंदेच्या डोळ्यावरची पट्टी नुकतीच काढली होती, पण तिने डोळा घट्ट मिटून धरला होता.

“उघडा ना, वन्सं.”

“उघडला आणि अंधारच असला तर?”

“तर मी आहेच. इतकी वर्षं टीव्हीवरच्या मालिका कुणी सांगितल्या तुम्हाला?”

“सांगितल्यास खऱ्या. पण प्रत्येकीत तुझी ती छत्री यायचीच.”

“आता त्याला मी काय करू? गाण्यात छत्री, मालिकेत छत्री. या समोरच्या भिंतीवर चित्र लावलंय, त्यातही छत्रीच.”

“काहीतरीच सांगतेस.”

“मग स्वतःच बघा की.”

नणंदेने डोळा हळूच किलकिला केला आणि मान भिंतीकडे वळवली.

“लाल आहे गं.”

“दिसली?”

“दिसली. केवढी लाल, वहिनी. आणि पाऊस कुठेच काढलेला नाही, तरी पडतोय.”

“बाई एकटीच चाललीय बघा त्या पावसात.”

“एकटी कुठली? छत्रीखाली पाय चार आहेत.”

“काय सांगता? मी महिनाभर बघतेय हे चित्र.”

“त्यातले दोन अनवाणी आहेत. जवळ जाऊन बघ.”

भावजय उठून चित्राजवळ गेली, बोटाने चार पाय मोजले आणि तिथेच उभी राहिली.